मूठ कुणाच्या मापाची

४ फेब्रुवारी

तीर्थरूप मामास,

वाकून नमस्कार केला असता, पण उजव्या हाताचा अंगठा सुजलाय आणि तळव्यावर भार देता येत नाही. तेव्हा उभ्याउभ्याच घे.

परवा फोन केला होता. तू उचललास, "ताई आंघोळीला गेलीय" असं ओरडलास आणि ठेवून दिलास. मी आईबद्दल विचारलंच नव्हतं. लेथच्या घरघरीने तुझे कान नेले हे मला माहीत आहे, पण समोरचा काय विचारतोय याचा अंदाज बांधून उत्तर द्यायची ही तुझी नवी विद्या भयंकर आहे. म्हणून पत्र. पत्राला तुला कान लागत नाहीत.

बातमी अशी की मी नापास झाले. या वयात! परीक्षा रिव्हॉल्वरची. न्यायालयाच्या दारावर हत्यार घेऊन उभं राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना वर्षातून एकदा चांदमारीवर नेतात. समोर कागदी माणूस असतो, त्याच्या छातीत गोळ्या घालायच्या. इतकी वर्षं मी काठावर का होईना, पास होत आले. या वर्षी जुनी पातळ मुठीची रिव्हॉल्वरं काढून घेतली आणि नवी दिली, जाड काळ्या रबरी मुठीची. माझ्या पाळीला माझ्या कागदी माणसाला तीनच भोकं पडली. शेजारी उभा असलेला माझा सहकारी, ज्याला आम्ही ढेरपोट्या म्हणतो, त्याच्या कागदी माणसाला मात्र त्याने झाडलेल्या गोळ्यांपेक्षा जास्त भोकं निघाली. तो म्हणतो, "बाई, अशीच कृपा ठेवा, मला बढती मिळेल."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बायकांच्या हातात थरथर असतेच. दुसरी संधी एप्रिलमध्ये. नाही जमलं तर तळघरात." तळघरात म्हणजे हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. छत्र्या, चष्मे, कवळ्या. मामा, लोक न्यायालयात कवळ्या विसरून जातात! त्या खोलीला खिडकी नाही. आणि मला माझं दार हवंय. आत येणारा माणूस खरं बोलायला आलाय की खोटं, हे मला त्याच्या चालण्यावरून कळतं. ते न्यायाधीशांनाही कळत नाही, आणि मी कुणाला सांगतही नाही, पण त्याची मजा मला सोडायची नाही.

आता कामाचं. माझ्या हातात थरथर नाही. ती मूठच माझ्या हातात मावत नाही. तू आयुष्यभर हातोड्यांना, करवतींना, पटाश्यांना मुठी करत आलास. याला करशील?

तुझी,
नापास भाची

ता. क. आईला सांगू नकोस. ती म्हणेल, "मी तेव्हाच म्हटलं होतं, शिक्षिका हो."


११ फेब्रुवारी

चिरंजीव भाचीस, नेम सोडून बाकी सर्व आयुधं शाबूत असोत असा आशीर्वाद.

पत्र वाचलं. अनुत्तीर्ण होण्याचं दुःख मला सांगू नकोस. मी पंधरा वर्षं मुलांना संस्कृत शिकवलं. त्या पंधरा वर्षांत मी एकटाच पास होत होतो. शेवटी शाळेने विषयच बंद केला आणि मी लाकडाकडे वळलो, कारण लाकूड निदान उलट विचारत नाही की याचा पुढे उपयोग काय.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मला रिव्हॉल्वरातलं ओ की ठो कळत नाही. फुगा फुटला तरी मी टेबलाखाली जातो. पण मूठ ही मूठ असते. वस्तूचं एक टोक जगाचं असतं आणि दुसरं आपलं. आपलं टोक आपल्या मापाचं नसेल तर दुसरं टोक जगाला काय वाटेल ते करतं. जाड मुठीच्या करवतीने लाकूड कापून पाहा, रेघ सोडून करवत कशी माहेरी निघते ते कळेल.

तुझ्या बाबतीत काय होत असावं, याचा मी एका जुन्या रंध्याची मूठ हातात घेऊन विचार केला. मूठ जाड, म्हणून बोटं तिला पुरी वळसा घालू शकत नाहीत. चापापर्यंत तर्जनी पोचावी म्हणून तू नकळत सगळा पंजाच बाजूला सरकवत असशील. पंजा सरकला की नळी आणि तुझ्या हाताचं हाड एका रेषेत उरत नाही. मग झटका येतो तो तळव्याच्या मधोमध बसत नाही, अंगठ्याच्या बुडाशी बसतो. तुझा अंगठा सुजलाय तो त्यामुळे, थरथरीने नव्हे. आणि इतकं करूनही चापावर टेकतं ते बोटाचं नुसतं टोक. टोकाने दाबलं की चाप सरळ मागे येत नाही, कडेला ढकलला जातो. ढेरपोट्या तुझ्या डाव्या बाजूला उभा होता ना? असणारच.

आमच्या पूर्वजांनी या बोटाला तर्जनी म्हटलं, म्हणजे धमकावणारी. तुझी तर्जनी धमकावते खरी, पण शेजाऱ्याला.

मूठ फार बारीक असली तरी वाईटच. बोट चापात खोल शिरतं, बाकीची बोटं आपल्याच तळव्यात रुततात आणि नेम दुसऱ्या बाजूला पळतो. थोडक्यात, मूठ सुनेसारखी हवी असं तुझी आजी म्हणाली असती. मी म्हणतो, हातमोज्यासारखी हवी. दोघांच्याही म्हणण्याचा अर्थ, दुसऱ्याची चालत नाही.

तेव्हा मला पाठव: एक, हाताची बाह्यरेषा. कागदावर पंजा पसरून ठेव आणि भोवती पेन फिरव. दोन, मातीचा गोळा घेऊन रिव्हॉल्वर धरतेस तसा दाब आणि वाळवून पाठव. तीन, मूळ मुठीची आतली बाजू, म्हणजे ती लोखंडावर कशी बसते ते मला दिसेल. चार, नियमात बसतं का ते विचार. नाहीतर मी तुरुंगात आणि तू छत्र्यांत.

आणि साहेबांना सांग की तुझा नेम चांगला आहे. तू इवलीशी होतीस तेव्हा रस्त्यापलीकडच्या वकिलाची खिडकी एका दगडात फोडली होतीस. मी प्रत्यक्षदर्शी आहे. तो वकील त्या खिडकीशेजारी दाढी करत होता आणि त्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता. याला म्हणतात नेम.

शुभं भवतु.
मामा


१९ फेब्रुवारी

तीर्थरूप (काठावर उभं राहूनच नमस्कार केलेला बरा अशा) मामास,

पार्सल पाठवते आहे. त्यात मातीचा गोळा आहे, जुन्या मासिकात गुंडाळलेला. पंजाची रेघ कार्यालयाच्या "शांतता राखा" या सूचनेच्या पाठीवर काढली आहे, कारण कोरा कागद इथे फक्त साहेबांना मिळतो. आणि एक फाटकी रबरी मूठ, तिच्या आतला खड्डा तंतोतंत तसाच ठेव.

ती बुधल्याने दिली. बुधला म्हणजे आमच्या शस्त्रागाराचा माणूस. खरं नाव कुणाला आठवत नाही. त्याच्या अंगाला कायम इतकं तेल असतं की त्याला मिठी मारणारा माणूस निसटून जाईल. त्याला नियम विचारला, तर म्हणाला, "लोखंडाला कुणी हात लावला तर मी आहे. लाकडाशी माझं वैर नाही." मग माझा अंगठा पाहिला आणि म्हणाला, "हे केव्हापासून?" मी म्हटलं, "कालपरवा." मामा, तुझ्याशी खोटं बोलत नाही, बरीच वर्षं. जुन्या मुठीनेही दुखायचं, फक्त कमी. आणि मधल्या बोटाचं पेर चापाभोवतीच्या लोखंडी कडीवर आपटतं, तिथे घट्टा पडलाय. गोळी सुटायच्या आधीच माझे डोळे मिटतात. हे साहेबांना ठाऊक नाही. त्यांनी तळघरासाठी माझं नाव आत्ताच पाटीवर रंगवायला टाकलंय, असं ढेरपोट्या म्हणतो. म्हणतो, "रंग वाळायच्या आत नेम लागू दे, बाई."

परीक्षा बारा एप्रिलला.

माझ्या खिडकीची गोष्ट सांगितलीस ते बरं केलंस. मला ती आठवत नाही. पण मग मला सांग, तो नेम गेला कुठे?

तुझी,
काठावरची भाची


८ मार्च

चिरंजीव भाचीस,

पार्सल उघडलं. तुझ्या मुठीची अक्षरशः माती झाली होती. मासिकातल्या एका हसऱ्या बाईच्या तोंडावर ती पसरली होती, एवढंच तुझ्या पकडीबद्दल कळलं. मात्र कागद शाबूत होता. रेघ स्पष्ट, अंगठा मोकळा, बोटं लांबसडक. मी चकित झालो. इतक्या वर्षांत तुझा हात इतका ऐटीत पसरलेला मी पाहिला नव्हता. सहसा तू हात असा आखडून ठेवतेस, जणू कुणीतरी त्यावर पट्टी मारणार आहे.

असो. माझा दंडक तुला ठाऊक आहे. शंका आली की मूळ पाठाकडे जावं. जे लिहिलंय ते प्रमाण, आपल्या डोक्यात काय आहे ते नव्हे. त्या दंडकाने मी संस्कृत शिकवलं आणि त्याच दंडकाने तुझी मूठ केली. कागदावर अंगठा जिकडे, तिकडेच अंगठ्याला टेकायला ओटा.

सोबत पाठवतोय ती अक्रोडाच्या लाकडाची आहे. कंबरेत बारीक केली आहे, म्हणजे तर्जनीचं पहिलं पेर चापावर सपाट बसेल, नुसतं टोक नाही. चापाच्या कडीमागे जी पोकळी असते ती भरून काढली, आता मधलं बोट आपटणार नाही. माथ्याशी किंचित रुंद ठेवली, झटक्याने हात वर घसरू नये म्हणून. बोटांसाठी खाचा मात्र पाडल्या नाहीत. रबरी मुठीवर पाडल्यात, पाहिल्या. कुणाच्या बोटांच्या आहेत त्या? कारखान्यातल्या एखाद्या पैलवानाच्या असतील. दुसऱ्याच्या खाचांत आपली बोटं कोंबणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून डोंगर चढणं.

दोनदा मोडून तिसऱ्यांदा केली. ताई येऊन म्हणाली, "कुणासाठी चाललंय?" मी म्हटलं, "एका गिऱ्हाइकाच्या कोयत्यासाठी." ती म्हणाली, "एवढ्या बारीक हाताचा माणूस कोयता काय चालवणार?" आणि गेली. तुझ्या आईची नजर तुझ्या साहेबांच्या नजरेपेक्षा बरी आहे, पण तिला रिव्हॉल्वर देऊ नये.

बसव आणि कळव.

मामा


१५ मार्च

मामा,

नमस्कार नाही.

ही मूठ डाव्या हाताची आहे.

कंबर बारीक, पॉलिश काय सुंदर, वास काय छान, बुधल्याने तर तेलाचा हात पुसून मग हातात घेतली. मी उजव्या हातात धरली. ओटा बोटांच्या सांध्यांत टोचतो आणि अंगठा लोंबकळत राहतो. बुधला पाच मिनिटं बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "तुमच्या मामांना एकच हात आहे का?"

सगळे हसले. साहेबही. त्यांना मी आजवर हसताना पाहिलं नव्हतं, आणि पाहायचं नव्हतं.

परीक्षेला महिनाही उरला नाही. सगळ्या कार्यालयाला सांगून बसले होते की माझा मामा मुठींमधला विद्वान आहे. आता तू विद्वान आहेस यावर त्यांचा विश्वास बसलाय, मूठ करता येते यावर नाही.

भाची


२२ मार्च

चिरंजीव (आणि कोपिष्ट) भाचीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग कागद काढला. "शांतता राखा" ही बाजू तुझ्यासाठी, उलटी बाजू माझ्यासाठी. आता शांतपणे ऐक.

मी तुला सांगितलं होतं, पंजा कागदावर ठेव आणि भोवती पेन फिरव. पेन तू कोणत्या हातात धरलंस? उजव्या. कारण तू उजव्या हाताने लिहितेस. मग कागदावर कोणता हात ठेवलास? उजव्या हातात पेन धरून उजव्याच हाताभोवती ते फिरवणारी बाई मला दाखव, मी तिच्यासाठी फुकट मूठ करीन आणि तिची पूजाही करीन.

तेव्हा मूठ बरोबर आहे. हात चुकीचा पाठवलास.

हे लिहून मला फार बरं वाटलं. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर बरं वाटेनासं झालं. कारण रेघ पाहताच मला कळायला हवं होतं. अंगठ्याची दिशा पाहिली आणि एकदाही मनात आलं नाही की तू उजव्या हाताने गोळी झाडतेस. जे लिहिलंय ते प्रमाण! पंधरा वर्षं मी मुलांना सांगत आलो की आंधळेपणाने पाठ करू नका.

उजव्या हाताची मूठ करायला घेतली आहे. बाह्यरेषा पाठव. या वेळी दुसऱ्या कुणाला तरी काढायला लाव. बुधल्याला लाव, तेलाचा डाग पडला तरी चालेल. मी घाई केली तरी परीक्षेच्या दोन दिवस आधी तुझ्या हातात पडेल. सरावाला वेळ मिळणार नाही, हे मला समजतंय. नव्या मुठीची सवय व्हायला पंधरवडा तरी लागतो. ढीगभर हातोडे विकून मी हे शिकलो आहे.

मामा


२७ मार्च

तीर्थरूप मामास, पुन्हा नमस्कार. या वेळी दोन्ही हात जोडून, आणि त्याला कारण आहे.

बाह्यरेषा सोबत आहे. बुधल्याने काढली आहे आणि तू म्हणालास तसा डाग पडला आहे. पण ती पाहण्याआधी पुढचं वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चांदमारीवर गेले होते. सराव म्हणून नव्हे, रागाने. तुझी ती डावी मूठ लावलेलं रिव्हॉल्वर बुधल्याने मला दिलं आणि म्हणाला, "बाई, ही काढून रबरी बसवू?" मी म्हटलं, "राहू दे. आज मामाचा अपमान करायचाय." आणि डाव्या हातात घेतलं. नुसतं बघायला. मूठ हातात अशी बसली, मामा, जणू आधीपासून तिथेच होती. अंगठा ओट्यावर टेकला. चाप बोटाच्या पेरावर सपाट आला. माझ्याकडून विचार न करताच डावा डोळा उघडा राहिला आणि उजवा मिटला. उजव्या हाताने नेम धरताना आम्हाला चांदमारी शिकवणारे गुरुजी नेहमी ओरडायचे, "बाई, तो डोळा नाही, दुसरा!"

मी सहा गोळ्या झाडल्या.

बुधला कागद आणायला गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. मला वाटलं एकही लागली नाही, बिचारा कसं सांगू या विचारात आहे. परत आला आणि कागद माझ्यासमोर धरला. सगळ्या छातीत. दोन तर एकमेकींना चिकटून.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा झाडल्या. थोड्या पसरल्या, पण ढेरपोट्याकडे एकही गेली नाही.

मी म्हटलं, "हे काय झालं?"

तो म्हणाला, "तुमच्या उजव्या हाताला इतक्या वर्षांत दचकायची सवय लागलीय. झटका कुठे बसणार ते त्याला आधीच माहीत असतं, म्हणून तो आधीच पळतो. हा डावा अजून भ्यायला शिकलेला नाही."

"पण मी डावरी नाही."

"मला काय सांगता? कागदाला सांगा."

आणि रिव्हॉल्वरचं गोळ्यांचं चाक उघडून ते भरायचं काम? ते आधीपासून उजवाच करत होता, कारण तेव्हा रिव्हॉल्वर डाव्या हातातच घ्यावं लागतं. म्हणजे तिथे काही बदललंच नाही. उजवा कारकून, डावा साहेब.

तेव्हापासून रोज जातेय. अंगठा दुखत नाही. डोळे मिटत नाहीत.

आता दोन गोष्टी. एक, साहेबांच्या फाइलमध्ये माझ्या नावापुढे "उजवा" लिहिलंय, आणि ते म्हणतात ऐनवेळी हात बदलता येत नाही. दोन, तू आईला विचार. मी तिला विचारलं तर ती विषय बदलेल. लहानपणी मी कोणत्या हाताने काय करायचे? आणि ती खिडकी मी कोणत्या हाताने फोडली?

तुझी भाची


४ एप्रिल

चिरंजीव भाचीस, दोन्ही हातांस स्वतंत्र आशीर्वाद.

ताईला विचारलं. ती भाजी निवडत होती. संवाद जसाच्या तसा देतो, कारण माझ्या कानांनी तो तीनदा ऐकून खात्री केली आहे.

"ताई, आपली ही लहानपणी डावरी होती का?"

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझी मुलगी."

"होती थोडीफार." आणि भाजी निवडणं चालू.

"थोडीफार म्हणजे?"

"म्हणजे सगळं डाव्याने करायची. जेवण, चेंडू, पेन्सिल, मारामारी. वकिलाची खिडकी फोडली तोही डावाच. तुझ्या भाऊजींना दंड भरावा लागला. मग मी डाव्या हातात मोजा चढवला आणि वरून सुतळी बांधली. सहा वर्षांची होऊन शाळेत जाईपर्यंत."

"किती दिवस?"

"दिवस काय! हात सुधारेपर्यंत. शेवटी अक्षर कसं मोत्यासारखं आलं की नाही?"

मी म्हटलं, "ताई, तुला वाईट वाटत नाही?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पंधरा वर्षं मुलांना संस्कृत शिकवलंस. तुला वाटतं का?"

मग तिने विचारलं, "पण तुला कशाला हवंय?" आणि मला खोटं बोलवेना. नापास, अंगठा, छत्र्या, सगळं सांगितलं. तिने शेवटची शेंग निवडली, ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मोजा अजून आहे. लोकरीचा होता, चांगला होता, टाकवेना." मला दाखवला. इतका लहान, की माझी दोनच बोटं आत गेली. उभ्या पट्ट्यांचा आहे. मनगटाशी सुतळीची खूण आहे. तो इथे माझ्या टेबलावर आहे. ताईने तो मला दिला का, तुला पाठवायला दिला का, ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तू विचारलं होतंस, नेम गेला कुठे. कुठेही गेला नव्हता. त्याला मोज्यात घालून ठेवला होता.

उजव्या हाताची मूठही तयार आहे. चांगली झालीय. सोबत पाठवत नाही, टेबलावर ठेवली आहे. तू "पाठव" लिहिलंस तर त्याच दिवशी पाठवीन. निवड तुझी. नियमाचं म्हणशील तर बुधल्याला पुस्तक वाचायला लाव. साहेब "असं चालत नाही" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पुस्तकात तसं काहीही लिहिलेलं नसतं. मी पाठाचा माणूस आहे, मला ठाऊक आहे. जे लिहिलंय ते प्रमाण. या वेळी तो दंडक तुझ्या कामाला येईल.

मामा


१४ एप्रिल

तीर्थरूप मामास,

"पाठव" लिहिलं नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

बारा तारखेला सकाळी रांगेत उभी राहिले. साहेब वही घेऊन आले. माझी पाळी आली, मी डाव्या हातात रिव्हॉल्वर घेतलं. साहेब म्हणाले, "हे काय सर्कशीचं सोंग? फाइलमध्ये उजवा आहे."

मी काही बोलायच्या आत बुधला पुढे झाला. हातात नियमांचं पुस्तक, त्यावर तेलाचे डाग, आणि डागांमध्ये खूण केलेलं पान. म्हणाला, "साहेब, इथे लिहिलंय, पहिली गोळी झाडण्यापूर्वी उमेदवाराने हात सांगावा. फाइलमधलाच हात असावा, असं कुठेच नाही. मी दोन रात्री वाचलं."

"तुला वाचता येतं?" साहेब.

"चष्मा लावला की येतं. तळघरातून घेतला, कुणाचा तरी हरवलेला होता."

ढेरपोट्या इतका मोठ्याने हसला की त्याची पहिली गोळी जमिनीत गेली.

मग साहेबांनी हात सांगायचा कागद पुढे केला. "सांगा. आणि ज्या हाताने झाडणार त्याच हाताने सही करा." हे त्यांनी ऐनवेळी काढलं. पुस्तकात हेही नसणार, पण बुधला पान उलटायला लागला तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या." आणि पेन डाव्या हातात घेतलं. मामा, तिथे माझा हात थरथरला. रिव्हॉल्वर धरून नाही थरथरला, पेन धरून थरथरला. सही म्हणून जे उमटलं ते एखाद्या मुंगीने शाईत पाय बुडवून चालल्यासारखं होतं. साहेबांनी ते फाइलला लावलं.

मग मी गोळ्या झाडल्या.

झटका तळव्याच्या मधोमध बसला, जिथे तू म्हणाला होतास तिथे. नळीच्या टोकावरची माशी आणि कागदी माणसाची छाती एका रेषेत, चाप सरळ मागे, आणि डोळे उघडे. शेवटच्या गोळीला मला ती खिडकी आठवली. खरंच आठवली की तू इतक्यांदा सांगितल्यामुळे आठवल्यासारखी वाटली, कुणास ठाऊक. पण काच फुटताना दिसली, आणि पलीकडे वकील, गालाला फेस लावलेला, जिवंत.

साहेबांनी कागदावरची भोकं मोजली, परत मोजली आणि वहीत लिहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दारावर जा. लोक येऊन राहिलेत." ढेरपोट्याला माझ्याकडून एकही भोक मिळालं नाही, तो आता उगाच रुसलाय. तळघराच्या पाटीवरचं माझं नाव खरवडून काढलंय, पण नीट निघालं नाही, अर्धं दिसतं. राहू दे. छत्र्यांना वाटेल कुणीतरी येणार होतं.

उजव्या हाताची मूठ ठेवून दे. एखाद्या कोयत्याला लाव. आईला सांग, गिऱ्हाईक खूश आहे. आणि मोजा पाठव.

इथून पुढच्या ओळी मी दुसऱ्या हाताने लिहिते आहे.

मामा, आईला माझा नमस्कार सांग. अक्षराला हसू नकोस. ते अजून सहा वर्षांचं आहे.